बुडापेस्टहून आलेली तार

1 नोव्हेंबर 1956 रोजी हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नाज यांनी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांना तार केली. सोव्हिएत फौजेच्या नव्या तुकड्या आमच्या हद्दीत शिरत आहेत, आम्ही सोव्हिएत गटाच्या वॉर्सा लष्करी करारातून बाहेर पडत आहोत, हंगेरी यापुढे तटस्थ राष्ट्र असेल आणि ही तटस्थता राखायला चार बड्या राष्ट्रांनी आम्हाला मदत करावी, असा तिचा आशय. शेवटी विनंती होती की हा विषय आमसभेच्या येत्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.

ते अधिवेशन सुरू व्हायचं होतं 12 नोव्हेंबरला. रणगाडे आले 4 नोव्हेंबरच्या पहाटे.

छप्पन्न सालच्या हंगेरीबद्दल मी बरंच वाचलं आहे, आणि दर वेळी या तारेपाशी अडखळतो. देशात परकी फौज घुसते आहे आणि पंतप्रधान विषयपत्रिकेत जागा मागतो आहे. हा भाबडेपणा नव्हता. नाज आयुष्यभराचे कम्युनिस्ट, मॉस्कोत जवळजवळ पंधरा वर्षं काढलेले. सोव्हिएत सत्ता कशी चालते हे पश्चिमेकडच्या कुठल्याही मुत्सद्द्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. पण एका छोट्या देशाकडे त्या क्षणी दुसरं होतं काय? सैन्य विस्कळीत, शेजारी एक तर त्याच गटातले नाहीतर स्वतःच नाजूक अवस्थेतले. उरला होता तो जगाचा दरवाजा. तो त्यांनी रीतसर वाजवला.

आत कोण होतं आणि ते काय करत होते, हे या लेखात मला सांगायचं आहे.

उठावाची हकिगत थोडक्यात अशी. 22 ऑक्टोबरला बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सोळा मागण्या लिहिल्या. पहिलीच मागणी, सोव्हिएत सैन्याने देश सोडावा. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, संध्याकाळपर्यंत त्यात लाखो माणसं होती, स्टालिनचा पुतळा पाडला गेला आणि नभोवाणी केंद्रापाशी गोळीबार झाला. 24 तारखेला सोव्हिएत रणगाडे पहिल्यांदा राजधानीत आले, त्याच दिवशी नाज पंतप्रधान झाले. 25 तारखेला संसदेसमोरच्या चौकात निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. 28 तारखेला युद्धबंदी झाली. 30 तारखेला नाज यांनी एकपक्षीय राजवट संपल्याचं जाहीर केलं आणि रणगाडे बुडापेस्टबाहेर जाऊ लागले. शहराला वाटलं, आपण जिंकलो.

जगाचं काम इथून सुरू होतं. खरं तर ते काही दिवस आधीच सुरू झालं होतं. 27 ऑक्टोबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी डॅलसमध्ये भाषण केलं. पूर्व युरोपातल्या या राष्ट्रांकडे अमेरिका संभाव्य लष्करी मित्र म्हणून पाहत नाही, असं त्यांनी सांगितलं. हेतू सोव्हिएत संघाला आश्वस्त करण्याचा होता, म्हणजे त्याने घाबरून टोकाचं पाऊल उचलू नये. हे वाक्य नीट पोचावं म्हणून मॉस्कोतले अमेरिकी राजदूत चार्ल्स बोलन यांना ते सोव्हिएत नेत्यांच्या कानावर घालायला सांगण्यात आलं. याच डलेस यांच्या पक्षाने 1952 च्या निवडणुकीत पूर्व युरोपच्या मुक्तीची भाषा केली होती. म्युनिकहून चालणारं 'रेडिओ फ्री युरोप' हंगेरियन भाषेत दिवसरात्र बोलत होतं आणि ऐकणाऱ्या पुष्कळांची समजूत झाली होती की मदत वाटेवर आहे.

अमेरिकेने सैन्य धाडायला हवं होतं, असं मला म्हणायचं नाही. ऑस्ट्रिया तटस्थ, मधे वाट नाही आणि दोन्ही बाजूंकडे अणुबॉम्ब. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते परवडणारं नव्हतं, जगालाही नव्हतं. पण आपण येणार नाही, हे मॉस्कोला सांगितलं गेलं आणि बुडापेस्टला सांगितलं गेलं नाही. ज्याला रणगाड्यासमोर उभं राहायचं होतं त्याला ते कळायला हवं होतं. त्या पंधरवड्यातली पश्चिमेची सगळ्यात मोठी चूक कुठली असं मला विचारलं तर मी हीच सांगेन.

मग इजिप्तमधल्या सुएझ कालव्याचं प्रकरण. 29 ऑक्टोबरला इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला, 31 तारखेपासून ब्रिटन आणि फ्रान्सची विमानं इजिप्तवर बॉम्ब टाकू लागली. आदल्याच आठवड्यात हंगेरीचा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या तीन देशांपैकी दोन देश हेच. 30 तारखेला सुएझवरच्या ठरावावर त्यांनी नकाराधिकार वापरला. आक्रमण वाईट असतं हे आता ते कुठल्या तोंडाने सांगणार होते?

मॉस्कोत त्या दिवसांत काय चाललं होतं ते नव्वदच्या दशकात दफ्तरं उघडल्यावर कळलं. पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या बैठकांची व्लादिमीर मालिन यांनी हाताने लिहिलेली टिपणं उपलब्ध झाली. 30 ऑक्टोबरला त्या मंडळाचा कल हंगेरीतून माघार घेण्याकडे होता. समाजवादी देशांशी समानतेने वागण्याची घोषणा त्यांनी मंजूर केली आणि 31 तारखेच्या 'प्राव्दा'त ती छापून आली. जगभरचे मुत्सद्दी ती वाचून सुटकेचा निःश्वास टाकत होते, त्याच दिवशी मंडळाने निर्णय फिरवला. आपण हंगेरीतून निघालो तर साम्राज्यवाद्यांना चेव येईल, इजिप्तपाठोपाठ त्यांच्या पदरात हंगेरीही पडेल, असा सोव्हिएत पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह यांचा युक्तिवाद टिपणांत आहे. निर्णय फिरण्याची कारणं अनेक होती. नाज यांचं सरकार बहुपक्षीय होऊ लागलं होतं, बुडापेस्टमध्ये पक्षकार्यालयासमोर माणसांना ठेचून मारल्याच्या बातम्या होत्या, चीनचाही आग्रह होता. एकट्या सुएझवर खापर फोडणं बरोबर नाही. पण पश्चिमेची दोन मोठी राष्ट्रं स्वतः तेच करत असल्यामुळे मॉस्कोचं काम हलकं झालं, हे नाकारता येत नाही.

यानंतर ख्रुश्चेव्ह यांनी जे केलं ते मुत्सद्देगिरीच्या हिशेबाने फार नेटकं होतं. पोलंडच्या नेत्यांना सीमेवर भेटले, रुमानिया, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया यांना विश्वासात घेतलं आणि 2 नोव्हेंबरच्या रात्री वादळी हवेतून विमानाने ब्रियोनी बेटावर जाऊन टिटोंची संमती मिळवली. स्वतंत्र बाण्यासाठी नावाजलेल्या युगोस्लाव्हियाने मान डोलावली. म्हणजे चार दिवसांत आक्रमकाने आपल्या बाजूची सगळी जुळवाजुळव पुरी केली. पलीकडे सुरक्षा परिषद 28 ऑक्टोबरला बसली, चर्चा करून उठली आणि पुन्हा बसली ती थेट 2 नोव्हेंबरला. हा मधला काळ माझ्या मते निर्णायक होता. निरीक्षकांची छोटीशी तुकडी, किंवा खुद्द हामरशोल्ड, त्या दिवसांत बुडापेस्टच्या विमानतळावर उतरले असते तर रणगाडे थांबले असते का? कदाचित नाही. पण तेव्हा तिथे स्वागत करणारं सरकार होतं, हे लक्षात घ्या. ते सरकार पडल्यावर पुढची सहा वर्षं संयुक्त राष्ट्रांनी निरीक्षक पाठवू द्या म्हणून विनंत्या केल्या आणि दार बंदच राहिलं.

3 नोव्हेंबर. हंगेरीचे नवे संरक्षणमंत्री पाल मालेतेर सोव्हिएत सेनापतींशी सैन्यमाघारीच्या वाटाघाटी करत होते. दुपारची बैठक संसद भवनात झाली, रात्रीची ट्योकोल इथल्या सोव्हिएत तळावर ठरली. न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेला सांगण्यात आलं की बोलणी सुरू आहेत, प्रगती आहे. परिषदेने ठरावावर मत न घेता कामकाज 5 तारखेपर्यंत पुढे ढकललं. बुडापेस्टमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचे प्रमुख इव्हान सेरोव्ह माणसं घेऊन वाटाघाटींच्या खोलीत शिरले आणि मालेतेर यांना अटक केली. पहाटे शहरावर तोफा सुरू झाल्या. सकाळी सव्वापाचनंतर नाज नभोवाणीवर काही वाक्यंच बोलले, आपलं सरकार जागेवर आहे एवढं जगाला सांगितलं आणि थोड्या वेळाने युगोस्लाव्ह वकिलातीत आश्रयाला गेले. आठच्या सुमारास लेखक संघाने हाक दिली, हंगेरीला मदत करा. त्यानंतर प्रक्षेपण थांबलं.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आदल्या रात्रीचे तास चालू होते. आमसभा सुएझवर बसलेली होती आणि त्याच रात्री तिने कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेवरून सुएझसाठी आणीबाणीचं शांतिसैन्य उभारण्याचा ठराव केला. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातलं अशा प्रकारचं ते पहिलं सैन्य. पहाटे तीनला शेजारच्या दालनात सुरक्षा परिषद हंगेरीसाठी जमली. नऊ मतं बाजूने, सोव्हिएत संघाचं एक विरुद्ध, युगोस्लाव्हियाने भाग घेतला नाही. त्या एका विरोधी मताने, म्हणजे नकाराधिकाराने, ठराव पडला. त्यावर 1950 साली कोरियन युद्धाच्या वेळी तयार केलेला मार्ग वापरण्यात आला. परिषद नकाराधिकारामुळे अडली की विषय आमसभेकडे न्यायचा, तिथे नकाराधिकार चालत नाही. 2022 साली युक्रेनवर हल्ला झाल्यावर हीच वाट पुन्हा वापरली गेली, 141 देशांनी माघारीची मागणी केली आणि भारत तेव्हाही तटस्थ राहिला. 4 नोव्हेंबर 1956 च्या संध्याकाळी आमसभेने ठराव क्रमांक 1004 मंजूर केला. हल्ला थांबवा, सैन्य मागे घ्या, चौकशीला माणसं आत येऊ द्या. बाजूने 50, विरुद्ध 8, तटस्थ 15.

एकाच रात्री, एकाच इमारतीत, दोन देशांसाठी दोन निराळी मापं लागली. याचा अर्थ सोपा लावू नये. सुएझमध्ये हल्लेखोर अमेरिकेच्या पैशावर आणि तेलावर अवलंबून होते, म्हणून ते झुकले. सोव्हिएत संघ कुणावर अवलंबून नव्हता. सुएझ शक्य होतं म्हणून झालं. पण शक्य नसलेल्या गोष्टीबद्दल निदान स्पष्ट बोलता तरी येतं, आणि त्या बाबतीत आपल्या देशाची कामगिरी मला आजही टोचते.

भारत 4 तारखेच्या मतदानात तटस्थ राहिला. 5 तारखेला दिल्लीत युनेस्कोची परिषद भरली, तिथे नेहरू बोलले. इजिप्त आणि हंगेरी या दोन्ही ठिकाणी माणसाची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य पायदळी तुडवलं जात आहे, हे त्यांनी एका श्वासात म्हटलं. बोलले ते योग्यच होतं. पण इजिप्तबद्दलच्या निषेधाला जी धार होती ती हंगेरीच्या वाट्याला आली नाही. माहिती पुरेशी स्पष्ट नाही, असा सूर काही दिवस राहिला. मग आला 9 नोव्हेंबर. क्यूबा, आयर्लंड, इटली, पाकिस्तान आणि पेरू यांनी ठराव मांडला. सोव्हिएत सैन्य निघून जावं आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली खुल्या निवडणुका व्हाव्यात. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी भारताचं मत विरोधात टाकलं. बाजूने 48, विरुद्ध 11. त्या अकरांत सोव्हिएत गटाच्या देशांसोबत भारताचं नाव आहे.

कारण काश्मीर. परकी देखरेखीखाली जनमत घेण्याचा पायंडा एकदा मान्य केला की तोच आपल्यावर उलटेल ही भीती, त्यातून ठराव मांडणाऱ्यांत पाकिस्तान. शिवाय वर्षभरापूर्वी ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन श्रीनगरला येऊन काश्मीरवर भारताची बाजू उचलून गेले होते. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकाराची गरज पडेल हे दिल्लीला दिसत होतं आणि फेब्रुवारी 1957 मध्ये ती खरंच पडली. हे सगळं मी समजू शकतो. परराष्ट्र धोरणात स्वतःच्या देशाचं हित पाहायचं नाही असं कुणी म्हणणार नाही. पण तटस्थ राहण्याचा पर्याय समोर होता, पाच दिवसांपूर्वी तो वापरला होता. निवडणुकीच्या कलमापुरती हरकत नोंदवून बाकी ठरावापासून अलिप्त राहता आलं असतं. नुकता साम्राज्याच्या जोखडातून सुटलेला देश परक्या रणगाड्यांविरुद्धच्या ठरावाला नाही म्हणाला. जयप्रकाश नारायण यांनी तेव्हाच जाहीरपणे जाब विचारला. एका साम्राज्याला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं चालणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. ते एकटे नव्हते, देशभरातून टीका झाली, आणि लोकशाही देशात सरकारला आपलं बोलणं सुधारावं लागतं तसं ते सुधारलं गेलं. 14 नोव्हेंबरला भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि इंडोनेशियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीतून सोव्हिएत सैन्य मागे घ्यावं असं संयुक्तपणे सांगितलं. 21 तारखेला भारताने सिलोन आणि इंडोनेशियाबरोबर ठराव मांडून हंगेरीने निरीक्षकांना येऊ द्यावं अशी मागणी केली. पुढे नेहरूंनी संसदेत हा राष्ट्रीय उठाव होता हेही मान्य केलं.

हा बदल घडण्यात बुडापेस्टमधल्या एका भारतीय अधिकाऱ्याचा वाटा होता. भारताचे राजदूत के. पी. एस. मेनन मॉस्कोत बसून हंगेरीचंही काम पाहत. बुडापेस्टच्या वकिलातीत होते ते प्रभारी एम. ए. रहमान. डोळ्यांसमोर जे घडत होतं ते त्यांनी दिल्लीला कळवलं. डिसेंबरमध्ये मेनन स्वतः तिथे गेले. दरम्यान हंगेरियन विचारवंतांना वाटू लागलं होतं की मॉस्को कुणाचं ऐकलंच तर भारताचं ऐकेल. इश्तवान बिबो नाज यांच्या अखेरच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री होते. 4 नोव्हेंबरला सोव्हिएत सैनिक संसद भवनात शिरले तेव्हा सरकारचा हा एकटा प्रतिनिधी आत बसून राहिला आणि आपलं निवेदन लिहीत राहिला. नंतर त्यांनी तडजोडीची एक योजना तयार केली. सोव्हिएत संघाच्या सुरक्षेची काळजीही त्यात घेतलेली होती. ती योजना रहमान यांच्याकडे पोचवली आर्पाद गोंत्स नावाच्या तरुण कायदेपदवीधराने. मॉस्कोने तिला भीक घातली नाही. 1958 च्या ऑगस्टमध्ये बिबो आणि गोंत्स दोघांना जन्मठेप झाली. फाशी झाली नाही, आणि भारताने रदबदली केल्यामुळे आपला जीव वाचला असं गोंत्स पुढे सांगत.

रहमान यांचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत असेल? न्यूयॉर्कमधल्या कृष्ण मेनन यांच्या भाषणांवर पुस्तकं निघाली. रहमान यांच्या हाती कसलाही नकाराधिकार नव्हता. दारावर आलेल्या माणसाला त्यांनी आत घेतलं, त्याचं ऐकलं आणि त्याचा कागद पुढे पाठवला. एवढ्याने हंगेरी वाचली नाही, तरी मला त्या काळातल्या भारतीय मुत्सद्देगिरीतला सगळ्यात अभिमानाचा भाग हाच वाटतो.

उंबरठा ओलांडू देणं या अर्थाने ऑस्ट्रियाचंही नाव घेतलं पाहिजे. 1955 च्या ऑक्टोबरात शेवटचे परकी सैनिक तिथून गेले होते. तटस्थतेचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि सोव्हिएत संघाची मर्जी सांभाळायची सगळी कारणं त्या देशाकडे होती. तरी त्याने सीमा बंद केली नाही. सुमारे 1,80,000 माणसं ऑस्ट्रियात आली, आणखी 20,000 युगोस्लाव्हियात. आन्डाऊ गावाजवळच्या कालव्यावरच्या छोट्या पुलावरून हजारो जण पार झाले. 21 नोव्हेंबरला तो पूल उडवण्यात आला, तरी लोक येतच राहिले. निर्वासितांसाठीचा 1951 चा करार अडचण होऊन बसला असता, कारण तो फक्त 1 जानेवारी 1951 पूर्वीच्या घटनांना लागू होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयातल्या कायदेपंडितांनी मांडणी केली की या पलायनाचं मूळ चाळीसच्या दशकाच्या अखेरीस हंगेरीत आलेल्या राजवटीत आहे, म्हणून करार लागू होतो. कायद्याच्या कलमांनी माणसांना बाहेर ठेवण्याचे प्रकार आपण रोज पाहतो. इथे त्याच कलमांनी दोन लाख माणसं आत घेतली. तीसहून अधिक देशांनी त्यांना वाटून घेतलं, आणि तेही फार लवकर.

नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड यांनी मेलबर्न ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. हंगेरीचा संघ मात्र तिथे गेला आणि वॉटर पोलोत सोव्हिएत संघाला 4-0 ने हरवून आला. तो सामना लोकांच्या आठवणीत राहिला. ठराव राहिले नाहीत.

पण ठरावांचीही एक बाजू आहे, आणि ती मी टाळणार नाही. सोव्हिएत संघाचं म्हणणं होतं की हंगेरीच्या सरकारनेच आम्हाला बोलावलं, म्हणून हा अंतर्गत मामला आणि सनदेच्या कलम 2 परिच्छेद 7 प्रमाणे संयुक्त राष्ट्रांना त्यात बोलायचा अधिकार नाही. सरकार कुठलं? यानोश कादार यांचं, ज्याची घोषणाच 4 नोव्हेंबरच्या पहाटे, हल्ला सुरू होत असताना झाली. नाज सरकारच्या मंत्री अन्ना केथली हल्ल्याच्या वेळी व्हिएन्नात होत्या. त्या न्यूयॉर्कला पोचल्या, कायदेशीर सरकारची प्रतिनिधी म्हणून ऐकून घ्या म्हणाल्या. हंगेरीच्या खुर्चीवर कादार यांचा माणूस बसला. आमसभेने मग पुढची कित्येक वर्षं त्या शिष्टमंडळाची अधिकारपत्रं धड मान्यही केली नाहीत आणि अमान्यही. माणूस खुर्चीत बसतो, बोलतो, मत देतो, आणि त्याच्या कागदांवर निर्णय नाही. मला यात भ्याडपणा दिसतो आणि चिवटपणाही, दोन्ही.

जानेवारी 1957 मध्ये आमसभेने पाच देशांची विशेष समिती नेमली. ऑस्ट्रेलिया, सिलोन, डेन्मार्क, ट्युनिशिया, उरुग्वे. हंगेरीने तिला पाऊल टाकू दिलं नाही. नाज तेव्हा रुमानियात कैदेत होते, त्यांना भेटण्याची समितीची विनंतीही नाकारली गेली. मग समितीने न्यूयॉर्क, जिनिव्हा, रोम, व्हिएन्ना आणि लंडन इथे बसून निर्वासितांच्या साक्षी घेतल्या. 111 साक्षीदार. जूनमध्ये अहवाल आला. हा उत्स्फूर्त राष्ट्रीय उठाव होता, बाहेरून घडवलेला नव्हता. सोव्हिएत सैन्याला दुसऱ्यांदा बोलावल्याचा कुठलाही विश्वासार्ह पुरावा नाही. कारखान्यांतल्या कामगार परिषदांपासून रस्त्यारस्त्यावरच्या लढाईपर्यंत सगळं त्यात तारीखवार आहे. जो देश आपल्याच लोकांना वर्षानुवर्षं 'प्रतिक्रांती' असं शिकवत राहिला त्या देशाचा खरा इतिहास न्यूयॉर्कमध्ये छापलेला होता. तो अहवाल मी वाचला आहे. कोरड्या सरकारी भाषेत लिहिलेला, आणि त्यामुळेच खोडून काढायला अवघड.

या 111 पैकी 81 जणांनी नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर साक्ष दिली. घरची माणसं मागे हंगेरीत होती. समितीचे उपसचिव, डेन्मार्कचे पोवल बांग-येन्सन, यांनी त्यांना शब्द दिला होता की नावं कुणालाही कळणार नाहीत. काम संपल्यावर वरिष्ठांनी ती यादी मागितली. बांग-येन्सन यांनी नकार दिला. सचिवालयात सोव्हिएत नागरिकही काम करतात, यादी तिथे गेली की गुप्त राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. 1957 च्या डिसेंबरात त्यांना निलंबित करण्यात आलं. वाद मिटेना, तेव्हा जानेवारी 1958 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीच्या गच्चीवर, सुरक्षा अधिकाऱ्याच्या समक्ष, ते कागद जाळण्यात आले. नावं कुणाच्या हाती लागली नाहीत, बांग-येन्सन यांची नोकरी मात्र गेली. 1959 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका उद्यानात त्यांचा मृतदेह सापडला, डोक्यात गोळी. पोलिसांनी आत्महत्या ठरवली. त्या निष्कर्षावर तेव्हापासून शंका घेतल्या गेल्या आहेत.

वरिष्ठांचीही बाजू असेल. संस्थेचे कागद संस्थेचे असतात, एका अधिकाऱ्याने ते स्वतःजवळ ठेवणं नियमात बसत नाही. पण त्या 81 जणांना दिलेला शब्दही संस्थेचाच होता. सगळ्या जगाने हंगेरीला मोघम आश्वासनं दिली आणि ती वाऱ्यावर गेली. एका माणसाने ठोस आश्वासन दिलं आणि ते पाळल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, तीही हंगेरीला न्याय मिळावा म्हणून नेमलेल्या यंत्रणेच्या आत. हे वाचताना मला नेहमी राग येतो आणि तो कमी व्हावा असं वाटतही नाही.

नाज यांचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही असं कादार यांनी युगोस्लाव्ह सरकारला लेखी कळवलं. त्या भरवशावर नाज 22 नोव्हेंबर 1956 ला वकिलातीबाहेर आले आणि बसमध्ये बसताच सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना पळवून रुमानियाला नेलं. 16 जून 1958 ला नाज, मालेतेर आणि पत्रकार मिक्लोश गिमेश यांना फाशी दिलं. विशेष समितीने पुन्हा एक अहवाल काढला.

त्यानंतर आमसभेत दर वर्षी 'हंगेरीचा प्रश्न' येत राहिला. भाषणं, निषेध, मतदान. न्यूझीलंडचे लेस्ली मन्रो विशेष प्रतिनिधी होते, त्यांनाही हंगेरीत प्रवेश मिळाला नाही. कादार यांना हा काटा सलत होता. जगात मान्यता हवी होती, व्यापार हवा होता, आणि वर्षाला एकदा न्यूयॉर्कमध्ये नाव निघत होतं. 1962 च्या डिसेंबरमध्ये आमसभेने विषय गुंडाळला, मन्रो यांचं पद संपलं. मार्च 1963 मध्ये कादार यांनी सर्वसाधारण माफी जाहीर केली. बिबो सुटले, गोंत्स सुटले, हजारो कैदी घरी गेले. जुलैमध्ये सरचिटणीस ऊ थांट बुडापेस्टला जाऊन आले.

हा सौदा होता, आणि मला तो मान्य आहे. सहा वर्षं निष्फळ म्हणून हिणवलेल्या त्या ठरावांची शेवटी किंमत आली आणि ती तुरुंगातल्या माणसांच्या रूपाने वसूल झाली. दर वर्षी कंटाळून का होईना हात वर करणाऱ्या प्रतिनिधींनी विषय जिवंत ठेवला नसता तर देवाणघेवाणीसाठी हातात काही उरलंच नसतं. गोंत्स तुरुंगात इंग्रजी शिकले, बाहेर येऊन अनुवादक झाले आणि 1990 साली हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष.

पण त्या माफीला अपवाद होते. लढाईत हत्यार चालवलेल्या अनेकांना न्यायालयांनी खुनाच्या कलमाखाली शिक्षा दिल्या होत्या, आणि खुनाचे आरोपी माफीतून वगळले गेले. त्यांत बहुतेक कारखान्यांतली तरुण पोरं होती, ज्यांच्यासाठी पत्र लिहायला परदेशात कुणी ओळखीचं नव्हतं. ती पुढेही वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली, काही जण सत्तरच्या दशकापर्यंत. त्यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये यानंतर एकही ठराव आला नाही.